दोन फोटोंची जुळणी आणि एका पिक्सेलची चूक

शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी फोटो काढले, तर जवळच्या वस्तू दोन फोटोंत जास्त सरकलेल्या दिसतात, लांबच्या कमी. डोळ्यांना खोली जाणवते ती अशाच फरकातून, हे चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्येच दाखवून दिलं. संगणकाची अडचण वेगळी आहे: डाव्या फोटोतला हा ठिपका उजव्या फोटोत नेमका कुठे गेला?

इथली चूक फार महाग पडते. समजा, कॅमेऱ्यांमध्ये १० सेंटिमीटर अंतर आहे आणि लेन्सचं नाभीय अंतर (लेन्सपासून प्रतिमेपर्यंतचं अंतर, इथे पिक्सेलमध्ये मोजलेलं) १,००० पिक्सेल. या दोन्हींच्या गुणाकाराला सरकण्याने भागलं की वस्तूचं अंतर मिळतं. वस्तू २० पिक्सेल सरकली असेल तर ती ५ मीटरवर आहे. एक पिक्सेल चुकला तरी फरक पाव मीटरच्या आसपास. पण सरकणं २ पिक्सेलच असेल, तर वस्तू ५० मीटरवर. तिथे एक पिक्सेल कमी मोजला की उत्तर थेट १०० मीटर!

म्हणून आधी दोन्ही फोटो एका पातळीत आणतात. कॅमेरा जरासा तिरका बसला, तरी जोडीचा ठिपका वर-खाली होतो. कॅमेऱ्यांची मोजमापं घेऊन फोटो असे वळवतात, की तो ठिपका त्याच आडव्या ओळीत सापडावा. हे काम भूमितीचं, आणि मोजमापं हाताशी असतील तर ते तिच्याकडेच ठेवावं असं मला ठामपणे वाटतं.

खरी कसोटी त्या ओळीत शोधताना लागते. जुन्या पद्धती ठिपक्याभोवतीचा छोटा चौकोन ताडून बघत. कोऱ्या भिंतीवर सगळे चौकोन सारखेच, आणि गजांच्या कुंपणावर तर तोच चौकोन पुन्हा पुन्हा येतो. २०१५ मध्ये झबोंतार आणि यान लकून या संशोधकांनी न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीला) चौकोनांच्या जोड्या दाखवून ‘जुळते की नाही’ हे शिकवलं. पुढची नेटवर्क आजूबाजूचंही बघू लागली: भिंतीचा मधला भाग कोरा असला तरी कडा जुळतात, त्यावरून मधलं अंतर ठरवता येतं. २०२१ मधलं ‘राफ्ट-स्टिरिओ’ नावाचं नेटवर्क तर आधी अंदाज बांधतं आणि तोच पुन्हा पुन्हा सुधारत नेतं.

शिकवायला खरी अंतरं लागतात. ती लेझरने मोजतात किंवा संगणकावर दृश्यं रचून मिळवतात. तीही नसली, तर नेटवर्कच्या अंदाजाप्रमाणे उजवा फोटो सरकवून डावा तयार करायचा आणि मूळ डाव्याशी ताडायचा. जितका फरक, तितकी चूक.

काच मात्र अजून छळते. तिच्यातलं प्रतिबिंब दोन्ही फोटोंत व्यवस्थित जुळतं, पण हाती येणारं अंतर काचेच्या पलीकडचं असतं.