खनिजे आणि गोड्या पाण्यातील माशांचा ताण

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्ताचा खारटपणा दवाखान्यातल्या सलाइनच्या जवळपास असतो, म्हणजे लिटरला सुमारे 9 ग्रॅम मीठ विरघळवल्याइतका. बाहेरच्या तळ्याच्या पाण्यात बहुधा अर्धा ग्रॅमही क्षार नसतात. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून सतत आत झिरपते आणि सोडियम, क्लोराइड हे क्षार बाहेर पाझरतात. असा मासा पाणी जवळपास पीत नाही. आत आलेले पाणी तो पातळ मूत्रावाटे टाकतो आणि गमावलेले क्षार अन्नातून व कल्ल्यांतील खास पेशींमार्फत पाण्यातून परत ओढून घेतो. कल्ले हे काम करतात हे 1930च्या दशकात डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी दाखवले. त्यांनी गोल्डफिश ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून त्यांच्या अंगातले क्षार कमी केले आणि मग ते अगदी विरळ द्रावणातूनही क्लोराइड शोषून घेतात हे मोजले. क्षार आत ओढण्याच्या या उपशाला ऊर्जा लागते आणि तो रात्रंदिवस चालू राहतो.

जाळे ओढले, मासे पाटीत दाटीने पडले, की हा तोल बिघडतो. ताणात स्रवणाऱ्या ॲड्रेनलिन या संप्रेरकामुळे कल्ल्यांत रक्ताचा लोट वाढतो. प्राणवायू जास्त मिळतो, पण त्याच वाटेने क्षारांची गळतीही वाढते. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक चढते. बहुतेक माशांत ताणाचे आणि क्षार-नियमनाचे काम हे एकच संप्रेरक सांभाळते, यावरून या दोन गोष्टी किती जवळच्या आहेत ते कळते. रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) प्राणवायू भरलेल्या पिशवीतून टवटवीत उतरते आणि दोन-तीन दिवसांनी तळ्याच्या काठाला मेलेली दिसते, त्यामागे पुष्कळदा ही गळती असते. दोष मात्र बहुधा बीजावर, म्हणजे पिल्लांच्या प्रतीवर, जातो.

कॅल्शियम इथे गळती आवरते. कल्ल्यांच्या पेशींमधले सांधे ते घट्ट ठेवते, म्हणून कठीण पाण्यातला मासा हाताळणी जास्त सोसतो. जांभ्या दगडाच्या, भरपूर पावसाच्या प्रदेशातले पाणी मृदू असते. तिथे तळ्यात चुना टाकण्याने आम्लता तर कमी होतेच, कॅल्शियमही मिळते. सामू न वाढवता कॅल्शियम हवे असेल तर जिप्सम वापरतात. घरच्या काचपेटीत निव्वळ आरओचे, म्हणजे क्षार गाळून काढलेले, पाणी भरणारे मात्र हौसेने माशाची ही ढालच काढून घेतात.

साध्या मिठाचे काम वेगळे. लिटरला 2 ते 5 ग्रॅम मीठ घातले की आतल्या-बाहेरच्या खारटपणातली दरी कमी होते आणि उपशाचे ओझे हलके होते. हजार लिटरच्या टाकीला 3 किलो जाडे मीठ, हा वाहतुकीचा सोपा हिशेब. परजीवी घालवण्यासाठी दिलेली लिटरला 20-30 ग्रॅमची काही मिनिटांची डुबकी हा निराळा उपचार आहे. दोन्ही मात्रांची गल्लत झाली तर मासे हातचे जातात.

क्लोराइडचा आणखी एक उपयोग आहे. पाण्यात नायट्राइट वाढले की ते क्लोराइडच्याच दाराने कल्ल्यांत शिरते, हिमोग्लोबिन निकामी करते आणि रक्त तपकिरी पडते. भरपूर प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करत राहतो. पाण्यात क्लोराइड पुरेसे असेल तर नायट्राइटला शिरायला जागा मिळत नाही. म्हणून अमेरिकेतल्या कॅटफिश तळ्यांत लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड राखतात.

काही खनिजे खाद्यातूनच यावी लागतात. फॉस्फरस पाण्यात फार थोडा असतो. जस्त आणि सेलेनियम पेशींची झीज रोखणाऱ्या विकरांचे घटक आहेत. पण ही दीर्घ मुदतीची तयारी झाली. वाहतुकीच्या आदल्या दिवशी ती देऊन उपयोग नाही, उलट त्या दिवशी माशांना उपाशी ठेवतात.

सगळ्या माशांना एकच नियम लागत नाही. ॲमेझॉन खोऱ्यातल्या रिओ निग्रोचे काळे पाणी अतिशय मृदू व आम्लधर्मी असते, तरी कार्डिनल टेट्रा तिथे सुखाने राहतो. त्याचे कल्ले मुळातच कमी गळतात. त्याला कॅल्शियमची ही गरज नाही.

मीठ प्राणवायूची कमतरता किंवा अमोनिया दूर करत नाही. पाणवनस्पतींनाही ते सोसत नाही. शिवाय ते वाफेबरोबर उडून जात नाही: काचपेटीतले पाणी आटले म्हणून भर घालताना दर वेळी नव्याने मीठ टाकले, तर महिन्याभरात मात्रा कुठच्या कुठे जाते. मीठ फक्त बदललेल्या पाण्यापुरतेच मोजून घालायचे असते.