गॅस कारखान्याखालची जमीन

मुंबईत लालबागमध्ये ‘गॅस कंपनी लेन’ नावाची गल्ली आहे. १८६० च्या दशकात मुंबईचे रस्ते गॅसच्या दिव्यांनी उजळू लागले आणि तो गॅस पुरवणाऱ्या बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना याच भागात होता. जुन्या औद्योगिक जमिनीची तपासणी करणारा तज्ज्ञ लगेच खणायला घेत नाही. तो आधी अशी नावे, जुने भूमापन नकाशे, कारखान्यांचे आराखडे आणि निवृत्त कामगारांच्या आठवणी गोळा करतो. गल्लीचे नाव हा प्रदूषणाचा पुरावा नव्हे आणि ते वाचून तेथील रहिवाशांनी धास्तावण्याचेही कारण नाही. परंतु येथे पूर्वी काय चालत होते हे न शोधता केलेली मातीची चाचणी बहुधा चुकीच्या जागी, चुकीच्या पदार्थासाठी होते.

गॅस कारखाने जगभरातील शेकडो शहरांत होते आणि त्यांच्या मागे उरलेली घाण बरीचशी ठरावीक असते. बंद भट्टीत दगडी कोळसा हवेविना तापवला की हायड्रोजन, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे जळाऊ मिश्रण मिळते. त्याबरोबर डांबर आणि अमोनियायुक्त पाणीही निघते. त्या गॅसमधील हायड्रोजन सल्फाइड आणि सायनाइड काढून टाकण्यासाठी तो लोखंडाच्या ऑक्साइडमधून नेत असत. हे ऑक्साइड निकामी झाले की अनेकदा कारखान्याच्याच आवारात भरावासाठी वापरले जाई. सायनाइड आणि लोह यांच्या संयोगातून प्रशियन ब्लू हे रंगद्रव्य तयार होते, त्यामुळे अशा जमिनीत खणताना निळसर थर लागला तर जाणकाराला तेथे काय होते हे प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच कळते. गंमत अशी की डोळ्यांत भरणारा हा निळा पदार्थ तुलनेने स्थिर असतो. खरी डोकेदुखी असते ती डांबराची. ते पाण्यापेक्षा जड असल्याने भूजलातूनही खाली उतरत जाते आणि चिकणमातीच्या किंवा खडकाच्या थरावर साचून राहते, तर त्यातील बेन्झीन हे कर्करोगकारक द्रव्य पाण्यात विरघळून दूरवर जाते किंवा वाफ होऊन जमिनीच्या भेगांतून वर येते.

नमुने घेताना हे लक्षात ठेवावे लागते. समजा, एक हेक्टर जमिनीवर दर २५ मीटरवर बोअर घेतला, तर १६ बोअर होतात आणि नकाशावर हे काम अगदी काटेकोर दिसते. पण ५ मीटर व्यासाची डांबराची गाडलेली टाकी यांपैकी एखाद्या बोअरखाली सापडण्याची शक्यता अवघी तीन टक्के असते, कारण टाकीचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मीटर आणि प्रत्येक बोअरच्या वाट्याला आलेले क्षेत्र ६२५ चौरस मीटर. म्हणून चांगल्या तपासणीत समान अंतरावरच्या नमुन्यांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व भट्टी, टाक्या आणि शुद्धीकरण कक्ष यांच्या जुन्या जागांवरील नमुन्यांना दिले जाते. सर्व नमुन्यांची सरासरी काढून ‘जमीन ठीक आहे’ असे सांगणारा अहवाल मला नेहमीच संशयास्पद वाटतो.

त्यानंतर येतो धोक्याचा विचार. विषारी पदार्थ जमिनीत आहे एवढ्याने धोका सिद्ध होत नाही. तो माणसापर्यंत पोहोचण्याची वाट असावी लागते. ही वाट धूळ, भाजीपाला, विहिरीचे पाणी किंवा घरात शिरणारी वाफ यांपैकी कोणतीही असू शकते. म्हणूनच एकच जमीन मोटारतळासाठी चालते आणि बालवाडीसाठी चालत नाही.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने हे स्वतःच्या अनुभवातून जाणले. लेक युनियन या सरोवराच्या काठी सुमारे १९ एकरांवर १९०६ ते १९५६ या काळात गॅस कारखाना होता. नैसर्गिक वायू आल्यावर तो बंद पडला आणि पुढे शहराने ती जमीन विकत घेतली. भूदृश्य-रचनाकार रिचर्ड हाग यांनी कारखान्याचे मनोरे न पाडता तेथे उद्यान करण्याचा आग्रह धरला आणि १९७५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. माती ट्रकने हलवण्याऐवजी हाग यांनी राडारोड्याची टेकडी केली, तिच्यावर चांगली माती पसरली आणि इतर ठिकाणी सांडपाण्याचा गाळ व लाकडाचा भुसा नांगरून मातीतील जीवाणूंना तेल खाऊ घातले. त्या काळाच्या मानाने ही कल्पना धाडसी होती आणि अंशतः यशस्वीही झाली. परंतु जीवाणू लहान रेणू लवकर पचवतात. डांबरातील बेन्झो-ए-पायरीनसारखे, कार्बनच्या पाच कड्या एकमेकींना जोडलेले मोठे रेणू फार सावकाश तुटतात, तर शिसे आणि आर्सेनिक ही मूलद्रव्येच असल्याने ती तुटतच नाहीत. १९८४ मध्ये संघराज्याच्या पर्यावरण संस्थेच्या चाचण्यांत असे कर्करोगकारक पदार्थ आढळल्यावर उद्यान काही काळ बंद करून नव्या मातीचा थर द्यावा लागला. पुढे जमिनीखाली हवा सोडून वर येणारी बेन्झीनची वाफ ओढून घेण्याचाही उपाय योजला गेला. उद्यानात पतंग उडवायला मोकळीक आहे, पण काठाच्या पाण्यात उतरायला मनाई आहे, कारण सरोवराच्या तळाच्या गाळात डांबर आहे.

सिअ‍ॅटलमध्ये वर गवत राहिले, म्हणून मातीचा थर देऊन बरेच भागले. मुंबईत जुन्या औद्योगिक भूखंडावर टॉवर उभा राहतो आणि त्याखाली मोटारींसाठी तळघरे खणली जातात. इतके खोल खणताना झाकलेली माती उघडी पडते, पाया कोरडा ठेवण्यासाठी पंप लावले की शेजारच्या जमिनीतील दूषित भूजल त्या खड्ड्याकडे ओढले जाते आणि निघालेली माती डेब्रिज म्हणून शहराबाहेर जाते. ती कोठे टाकली याची चौकशी इमारतीच्या सांडपाण्याइतकी कसोशीने व्हायला हवी. गिरण्यांच्या जमिनींबाबत आपल्याकडे वाटणीचा वाद इतका गाजला की गिरण्यांतील कापड रंगवण्याच्या विभागांखालच्या मातीचा विषय मागेच राहिला.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने द्यावी, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने आधी प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी करावी आणि शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावा, अशी त्यांची मांडणी आहे. मात्र ज्या कंपन्या केव्हाच गुंडाळल्या गेल्या, त्यांच्याबाबत पैसे कोणाकडून वसूल करायचे हा प्रश्न अवघडच राहतो. तुलनेने स्वस्त उपायही एक आहे. जमीन कोणत्या वापरापुरती शुद्ध केली आणि किती खोलीनंतर खणू नये, हे तिच्या मिळकत पत्रिकेवर नोंदवावे, म्हणजे तीस वर्षांनी पुनर्विकासासाठी येणाऱ्या विकासकाला आणि त्याच्याकडून घर घेणाऱ्यालाही ते वाचता येईल.