निळा पोर्ट कुठे गेला? ग्राफिक्स कार्डावरच्या जुन्या जोडण्यांची गोष्ट

भाच्याच्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं त्या दिवशीची गोष्ट. कार्ड साधंच होतं, मागच्या पट्टीवर मॉनिटर जोडायचे दोनच पोर्ट, एक एचडीएमआय आणि एक पांढरा डीव्हीआय. मॉनिटर साडेअठरा इंची, घरात दहा वर्षं चाललेला, आणि त्याला फक्त जुना निळा व्हीजीए पोर्ट. माझ्याकडे जुन्या कार्डाच्या खोक्यातून आलेला डीव्हीआय-ते-व्हीजीए ॲडॉप्टर होता. तो लावायला गेलो तर आत जाईना. जोर लावण्याआधी टॉर्च मारून बघितलं. ॲडॉप्टरच्या चपट्या पातीभोवती चार पिना होत्या आणि कार्डावरच्या पोर्टात त्या चार पिनांसाठी भोकंच नव्हती. जुने पोर्ट नव्या कार्डांवर हवेत की नकोत, हा वाद समजून घ्यायचा तर या चार भोकांपासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

व्हीजीए आला 1987 मध्ये, आयबीएमच्या पीएस/2 संगणकांसोबत. त्याआधीच्या ईजीए या आयबीएमच्याच पद्धतीत (1984) मॉनिटरकडे जाणारा संदेश डिजिटल, म्हणजे आकड्यांचा होता. लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला दोन तारा, म्हणून एकूण छटा 64. व्हीजीएला 2,62,144 छटांमधून रंग निवडता यायला हवे होते. जुन्या पद्धतीने ते करायचं तर रंगांसाठीच अठरा तारा लागल्या असत्या. आयबीएमने वाट बदलली. प्रत्येक रंगाला एकच तार ठेवली आणि तिच्यातला दाब शून्य ते 0.7 व्होल्टच्या दरम्यान हवा तसा कमीजास्त केला. म्हणजे डिजिटलकडून ॲनालॉगकडे जाणं ही त्या काळातली प्रगती होती. समोर काचेची जाड नळी असलेला सीआरटी मॉनिटर होता आणि त्याला असाच चढता-उतरता दाब हवा असायचा. तीन ओळींत पंधरा पिना आणि दोन्ही बाजूंना आवळायचे स्क्रू हे रूप तेव्हाच ठरलं. निळा रंग मात्र नंतरचा, 1999 च्या सुमारास पीसीच्या पोर्टांना रंग ठरवून दिले गेले तेव्हाचा.

या व्यवस्थेत संगणकातले आकडे व्होल्टमध्ये बदलण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करायचं. त्यासाठी कार्डावर रॅमडॅक नावाचा भाग असे, पुढे तो मुख्य चिपमध्येच सामावला गेला. चांगल्या कार्डांवर तो 400 मेगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि सीआरटीवर 2048 बाय 1536 ठिपक्यांचं चित्र 85 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 85 वेळा, दाखवू लागला. व्हीजीए म्हणजे 640 बाय 480 असं ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. तो पोर्ट दुबळा कधीच नव्हता.

त्याचा आधार गेला एलसीडी मॉनिटर आल्यावर. एलसीडीचा प्रत्येक ठिपका स्वतंत्र असतो, त्याला थेट आकडाच लागतो. मग कार्ड आकड्यांचे व्होल्ट करणार, केबलमधून व्होल्ट जाणार आणि मॉनिटर त्यांचे पुन्हा आकडे करणार. हा दुहेरी खटाटोप ज्यांनी वापरलाय त्यांना मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण आठवत असेल. ते दाबलं की चित्र क्षणभर डावीकडे सरकायचं, थरथरायचं, मग जागेवर बसायचं. येणाऱ्या लाटेतला नेमका कुठला क्षण म्हणजे एक ठिपका, हे मॉनिटर त्या वेळी अंदाजाने ठरवत असे. अंदाज थोडा चुकला की बारीक अक्षरांच्या कडा धुरकट व्हायच्या.

यावर 1999 मध्ये डीव्हीआय आला. इंटेल, सिलिकॉन इमेज, कॉम्पॅक, फुजित्सू, एचपी, आयबीएम आणि एनईसी यांनी मिळून तो ठरवला. ॲनालॉग मॉनिटर घरोघरी असल्याने त्यांनी एक शहाणपणाची सोय ठेवली. डीव्हीआय-आय या प्रकारात डिजिटलच्या 24 पिनांशेजारी पातीभोवती चार जादा पिना दिल्या आणि त्यांतून व्हीजीएचेच ॲनालॉग संदेश जात. म्हणून कार्डाच्या खोक्यात येणाऱ्या त्या छोट्या ॲडॉप्टरमध्ये कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नसायचं, इकडची तार तिकडे जोडलेली एवढंच. डीव्हीआय-डी या प्रकारात ती चार भोकं नाहीत, कारण आत ॲनालॉग संदेशच नाही. माझा ॲडॉप्टर अडला तो इथे. दुकानात दोन्हींना नुसतं ‘डीव्हीआय’ म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

डीव्हीआयची मर्यादा वेगाची होती. एका लिंकवर, म्हणजे चित्र नेणाऱ्या तारांच्या एका संचावर, 1920 बाय 1200 पर्यंत, दोन लिंकवर 2560 बाय 1600 पर्यंत, तेही 60 हर्ट्झला. ॲपलने 2004 मध्ये 30 इंची सिनेमा डिस्प्ले आणला तेव्हा दोन लिंकची क्षमता थक्क करणारी होती. दरम्यान 2002 च्या अखेरीस टीव्हीवाल्या कंपन्यांनी एचडीएमआय आणला. त्याचा चित्राचा संदेश मुळात डीव्हीआयचाच, वर आवाज आणि लहान कनेक्टर. त्यामुळे एचडीएमआय आणि डीव्हीआय-डी यांच्यात आजही साधी केबल चालते. डिस्प्लेपोर्ट 2006 मध्ये आला आणि त्याने जुनी चाल पूर्ण सोडून चित्र डेटाच्या छोट्या पाकिटांच्या रूपात पाठवायला सुरुवात केली.

निरोपाची तारीख आधी जाहीर झाली होती. डिसेंबर 2010 मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून सांगितलं की 2015 पर्यंत व्हीजीए टप्प्याटप्प्याने बंद करायचा. एएमडीने 2013 च्या आर9 290एक्स या कार्डावर ॲनालॉग ठेवलाच नाही, डीव्हीआय दिले तेही डी प्रकारचेच. ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स 980 टीआय कार्डावर (2015) चार भोकांचा डीव्हीआय-आय होता, जीटीएक्स 1080 वर (2016) तो गेला. म्हणून सीआरटीचे चाहते आजही 980 टीआय शोधत फिरतात. 2018 मध्ये एनव्हिडियाच्या स्वतःच्या आरटीएक्स 2080 वरून डीव्हीआय-डीही उतरला.

महागड्या कार्डांवरून हे पोर्ट गेले ते योग्यच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. एक लिंक डीव्हीआय सेकंदाला जेमतेम 4 गिगाबिट चित्र नेतो, एचडीएमआय 2.1 ची तार 48 गिगाबिटची. शिवाय पट्टीवरची जागा. डीव्हीआयचा कनेक्टर एवढा रुंद आणि जाड की दोन स्लॉटच्या कार्डावर वरच्या बाजूला बसवला तर गरम हवा बाहेर जायच्या जाळीचा मोठा भाग तोच अडवतो. चारशे वॉट खाणाऱ्या कार्डावर ती जाळी मोकळीच हवी.

पण स्वस्त कार्डांचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे शाळांच्या संगणक कक्षात, टायपिंगच्या आणि कॉम्प्युटर क्लासच्या खोल्यांत, तालुक्याच्या कचेऱ्यांत व्हीजीएचे मॉनिटर आणि प्रोजेक्टर अजून नीट चालतात. सभागृहाच्या भिंतीतून ओढलेली पंधरा मीटरची व्हीजीए केबल काढून दुसरी टाकायची म्हणजे गवंडी बोलवावा लागतो. त्यातून लांब केबलवर व्हीजीएचं चित्र फार तर थोडं पुसट होतं, एचडीएमआय मात्र एका मर्यादेनंतर पडदा काळाच करतो. जीटी 710 सारख्या कार्डांवर व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय शेजारी शेजारी असतात. ती कार्डं गेमसाठी नाहीतच, पण या गिऱ्हाइकाला नेमकी तीच लागतात. अशा कार्डांवरून निळा पोर्ट काढणं म्हणजे बदलाचा खर्च चालता मॉनिटर बाळगणाऱ्याच्या माथी मारणं.

गंमत म्हणजे स्वस्त मदरबोर्डांवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डांवर, तो अजून आहे. इंटेलने 2015 च्या स्कायलेक प्रोसेसरांपासून आपल्या चिपांतून व्हीजीए काढला, तरी बोर्ड बनवणारे एक छोटी रूपांतर करणारी चिप लावून तो देतात. सर्व्हरच्या मागेही तो ठाण मांडून आहे, कारण सर्व्हर खोलीतल्या ट्रॉलीवरचा मॉनिटर कुठल्याही यंत्राला लगेच जोडता यायला हवा.

यातून एक नवी चूक मात्र सर्रास होते. कार्ड बसवलं, कार्डावर व्हीजीए नाही, म्हणून केबल मदरबोर्डाच्या व्हीजीएतच राहू दिली. मग पैसे मोजून आणलेलं कार्ड बहुतेक वेळा रिकामं बसतं आणि गेम प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर रखडतो. प्रोसेसर नावात ‘एफ’ असलेला इंटेलचा असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतात आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणत राहतो.

भाच्यासाठी शेवटी एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर आणला. यात मात्र खरी चिप असते, कार्डावरून गेलेलं व्होल्ट बनवायचं काम आता तीच करते. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा 1024 बाय 768 वर अडकला. दोष जुन्या केबलचा निघाला. मॉनिटर आपली ओळख 12 आणि 15 क्रमांकाच्या पिनांवरून कळवतो आणि त्या केबलच्या प्लगमध्ये 12 नंबरची पिन नव्हतीच. दुसरी केबल लावली, ‘ऑटो’ दाबलं. चित्र डावीकडे सरकलं, थरथरलं आणि 1366 बाय 768 वर स्थिर झालं.