कूटलेखनाचा वाद

सामान्य नागरिकाला आपला मजकूर इतका पक्का कुलूपबंद करता यावा का, की न्यायालयाचा आदेश हाती असलेल्या सरकारलाही तो उघडता येऊ नये, या प्रश्नावर १९७०च्या दशकापासून जगभर चालू असलेला वाद. कूटलेखन म्हणजे एन्क्रिप्शन, अर्थात मजकुराचे गणिती रीतीने असे रूपांतर की योग्य किल्लीवाचून तो निरर्थक दिसावा. बँकेचे व्यवहार, फोनमधली छायाचित्रे, निरोप आणि वैद्यकीय नोंदी आज याच गणिताच्या भरवशावर सुरक्षित असतात.

शतकानुशतके ही विद्या सैन्य आणि वकिलाती यांच्यापुरती होती, कारण दोन्ही टोकांना आधी गुपचूप किल्ली पोचवावी लागे आणि ते खर्चिक काम होते. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी कधीही न भेटलेल्या दोन व्यक्तींना उघड्या मार्गावरूनही समान किल्ली ठरवता येते, हे दाखवून दिले. पाठोपाठ आरएसए ही पद्धत आली. हीच कल्पना ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेतील गणितज्ञांना काही वर्षे आधी सुचली होती, पण ती १९९७ पर्यंत सरकारी कपाटात राहिली. डिफी-हेलमन यांचे संशोधन मात्र नियतकालिकात छापून आले, आणि हा वाद सार्वजनिक झाला तो त्यामुळेच.

अमेरिकेत त्या काळी कूटलेखनाची गणना दारूगोळ्यात होत असे. परदेशी विकायच्या सॉफ्टवेअरमध्ये सामान्यतः ४० बिटांपेक्षा लांब किल्ली चालत नसे. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. माणसाला अफाट वाटणारा हा आकडा संगणकाला फारसा जड नाही. फिल झिमरमन या अमेरिकी प्रोग्रामरने १९९१ मध्ये मजकूर कुलूपबंद करणारा पीजीपी हा संगणकीय प्रोग्राम मोफत खुला केला. तो इंटरनेटवरून देशाबाहेर गेला आणि शस्त्र-निर्यातीच्या कायद्याखाली त्यांची चौकशी सुरू झाली. समर्थकांनी मग एक मजेदार पेच टाकला. १९९५ मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने पीजीपीचा संपूर्ण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता, पुस्तकरूपाने छापला. फ्लॉपीची निर्यात रोखणे सोपे, पुस्तकाची निर्यात रोखायची तर प्रश्न थेट अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होतो. १९९६ मध्ये आरोप न ठेवताच चौकशी बंद झाली आणि २००० मध्ये निर्यातीचे नियम बरेच सैल झाले. मात्र त्या सक्तीचे अवशेष सॉफ्टवेअरमध्ये तसेच पडून होते. नव्या ब्राउझरला आणि सर्व्हरला फसवून त्या जुन्या, दुबळ्या किल्ल्यांवर आणता येते, असे २०१५ मध्ये उघड झाले. धोरण मागे घेतले गेले, तरी त्याने पाडलेले भोक पंधरा वर्षे बुजले नव्हते.

सरकारची दुसरी कल्पना होती क्लिपर चिपची. १९९३ मध्ये मांडलेल्या या योजनेत फोनमध्ये बसवायच्या चिपची किल्ली दोन तुकडे करून दोन सरकारी खात्यांकडे ठेवायची होती. न्यायालयीन परवानगी मिळाल्यावर ते तुकडे जोडले जाणार होते. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवले की चिपमधील तपासणीचा आकडा अवघा १६ बिटांचा आहे, तेव्हा तो खोटा जुळवून, सरकारी वाट बंद ठेवून तीच चिप वापरता येते. योजना बारगळली, पण सरकारला तिसरी किल्ली देण्याची मागणी नावे बदलून परत परत येत राहिली.

अशा वाटेला तंत्रज्ञांच्या भाषेत बॅकडोर म्हणतात. मराठीतला ‘चोरदरवाजा’ हा शब्द त्याला अधिक शोभतो, कारण दरवाजा कोणासाठी ठेवला आणि तो कोणाला सापडला या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रीसमध्ये २००४-०५ या काळात पंतप्रधानांसह शंभराहून अधिक जणांचे मोबाइल ऐकले जात होते. कायदेशीर फोन-टॅपिंगसाठी दूरध्वनी केंद्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली सोयच घुसखोरांनी त्यासाठी गुपचूप वापरली होती. २०२४ मध्ये चीनशी संबंधित मानल्या गेलेल्या हल्लेखोरांनी अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत शिरकाव केला, तेव्हा न्यायालयीन टॅपिंगच्या यंत्रणाही त्यांच्या टप्प्यात आल्या. त्यानंतर अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने, लक्ष्य होऊ शकणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना आणि राजकीय व्यक्तींना टोकापासून टोकापर्यंत कूटलेखन असलेले, म्हणजे मधल्या कोणालाही निरोप वाचता येऊ न देणारे, संदेशवाहक (मेसेजिंग ॲप) वापरण्याचा सल्ला दिला. त्याच देशाचे पोलीस या कूटलेखनाविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रार करत आले होते.

पोलिसांची बाजू पोकळ नाही. घरझडतीच्या वॉरंटापुढे दार फोडता येते, तिजोरी कापता येते. इथे आदेश पूर्ण कायदेशीर असूनही हाती काहीच लागत नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती कुलूपबंद निरोपांतून फिरतात, हे तर कोणीच नाकारत नाही. २०१५च्या सॅन बर्नार्डिनो हल्ल्यात १४ जण मारले गेले. हल्लेखोराच्या आयफोनचे कुलूप सैल करणारे सॉफ्टवेअर लिहून द्यावे, असा आदेश न्यायालयाने ॲपलला दिला आणि कंपनीने तो आव्हानित केला. मार्च २०१६ मध्ये एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने त्रयस्थाच्या मदतीने फोन उघडला आणि खटला मागे घेतला, त्यामुळे मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला. पोलिसांच्या या बाजूच्या टीकाकारांच्या मते कोण कोणाशी, कधी आणि कुठून बोलले याच्या एवढ्या नोंदी पोलिसांना यापूर्वी कधीच मिळत नव्हत्या. हेही खरे आहे, पण एखाद्या पीडिताच्या प्रकरणात त्या नोंदी पुरेशा पडतीलच असे नाही.

कायदे देशागणिक वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात गणिताचे नियम स्तुत्य असले तरी इथे लागू होतो तो ऑस्ट्रेलियाचाच कायदा, असे पंतप्रधान माल्कम टर्नबुल २०१७ मध्ये म्हणाले आणि पुढल्या वर्षी कंपन्यांना तपास यंत्रणांच्या साहाय्याची सक्ती करणारा कायदा झाला. भारतात २०२१च्या नियमांनी मोठ्या संदेशवाहकांना संदेशाचा मूळ प्रेषक ओळखता येईल अशी सोय ठेवण्यास सांगितले. व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. निरोप कुलूपबंद होण्याआधी फोनवरच तपासण्याची कल्पनाही पुढे आली. ॲपलने २०२१ मध्ये छायाचित्रांसाठी तशी योजना जाहीर केली आणि २०२२ मध्ये गुंडाळली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाविरुद्धच्या एका खटल्यात निकाल दिला, की एकाचा निरोप उघडण्यासाठी सर्वांचे कूटलेखन दुबळे करायला लावणे लोकशाही समाजात प्रमाणशीर ठरत नाही.

ब्रिटनच्या २०१६च्या कायद्यानुसार सरकार कंपनीला कुलूपबंद मजकूर उघडता येईल अशी सोय करण्याची नोटीस बजावू शकते, आणि नोटीस मिळाल्याचे उघड करण्यास कंपनीला मनाई असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने ब्रिटनमधील नव्या ग्राहकांसाठी क्लाउडवरील सर्वांत कडेकोट संरक्षण देणे बंद केले. त्यामागे अशी नोटीस असल्याच्या बातम्या तोवर आल्या होत्या. नोटिशीच्या अस्तित्वाला दुजोरा देण्यास सरकारने नकार दिला.