भाकरी थांबत नाही

कार्तिक लागला की जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या यावल-रावेरच्या पट्ट्यात दिवस आणि रात्र वेगवेगळ्या ऋतूंतली वाटतात. दुपारी ऊन चटकतं. पण आकाशात ढग नसल्यामुळे दिवसभर तापलेल्या जमिनीची उष्णता रात्री सरळ वर निघून जाते आणि आठच्या सुमारास अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. कपाशीची वेचणी चालू असते, ज्वारी घरात येत असते आणि बाजारात भरताची हिरवी, पांढरट रेघांची वांगी दिसू लागतात. एखाद्या कुटुंबाला घरी जेवायला बोलवायचं तर हे दिवस फार चांगले.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत नाशिकहून मित्र, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आली होती. सगळं वेळेवर व्हावं म्हणून आम्ही दुपारीच वीस भाकरी टाकून स्टीलच्या डब्यात भरून ठेवल्या. रात्री डबा उघडला तर तळाच्या ओल्या लगद्यासारख्या आणि वरच्या चामड्यासारख्या झालेल्या. आई एवढंच म्हणाली, "भाकरी काय पळून जाते का? माणसं बसली की टाकायची." तेव्हापासून पाहुण्यांचा बेत ठरवताना आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो: यातला कुठला पदार्थ थांबतो आणि कुठला नाही?

भाकरी का थांबत नाही, याचं उत्तर स्टार्चमध्ये आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, नसतं. म्हणून आपण पिठात कढत पाणी घालतो. साधारण ७० अंशांच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि त्या चिकटपणावर भाकरी थापली जाते. तव्यावर उरलेलं काम होतं आणि ती मऊ, लुसलुशीत उतरते. पण ती गार होऊ लागली की स्टार्चचे मोकळे झालेले लांब रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून घट्ट रांगा लावतात आणि धरलेलं पाणी सोडतात. भाकरी कडक होते ती मुख्यतः त्यामुळे, नुसती वाळल्यामुळे नाही. म्हणूनच झाकून ठेवली तरी ती कडक होतेच. फ्रिजच्या थंडीत हे आणखी वेगाने घडतं. डब्याच्या तळाशी साचलेलं पाणी गरम भाकरीच्या वाफेचं होतं. बांबूच्या टोपलीत सुती फडकं घालून भाकरी ठेवल्या असत्या तर वाफ फडक्याने टिपली असती, पण त्यानेही अर्ध्या तासापलीकडे फार काही साधलं नसतं.

आम्ही कळण्याची भाकरी करतो. ज्वारीच्या चार वाट्यांना अख्ख्या काळ्या उडदाची एक वाटी आणि थोडं मीठ घालून एकत्र दळायचं. उडदाच्या चिकटपणामुळे भाकरी थापायला सोपी जाते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं आणि उडदात ते भरपूर असतं. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारीकडून मिळतं. दोन धान्यांनी एकमेकांची उणीव भरून काढावी अशी ही जोडी आहे.

भरीत मात्र थांबतं. एवढंच नाही, तासभर मुरलं की जास्त चांगलं लागतं. बेताचा कणा म्हणून ते ठेवावं याचं माझ्या दृष्टीने हेच सर्वांत मोठं कारण. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे मोठं वांगं बादलीभर पाण्यात टाकून पाहा, ते तरंगतं. त्याचा गर स्पंजासारखा, पेशींच्या मधे हवा भरलेला असतो. वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असूनही ते हातात हलकं लागतं ते या हवेमुळे. त्यातही आकाराच्या मानाने जे हलकं, त्यात बिया कमी, असं आमच्याकडे बघून घेतात. आठ माणसांना अडीच किलो पुरतात.

भाजताना आतलं पाणी उकळतं, त्या वाफेत पेशींना जोडणारं पेक्टिन सैल पडतं आणि तो सगळा स्पंज खाली बसतो. सालीला दोन-चार टोचे मारले नाहीत तर वाफ कोंडून वांगं फुटू शकतं. अळीचं छिद्र दिसलं तर तिथूनच चीर देऊन आत पाहून घ्यावं. खरी चव मात्र धुराची. आमच्याकडे वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, त्याही गेल्या हंगामाच्या, कडकडीत वाळलेल्या. यंदाची कपाशी अजून शेतात उभी असते. या काड्यांत साधारण पाव हिस्सा लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, असतं. लिग्निन तापून तुटलं की त्यातून ग्वायाकोलसारखी फिनॉल जातीची सुवासिक द्रव्यं निघतात आणि वांग्याच्या ओलसर गरावर बसतात. गॅसच्या ज्वालेत लिग्निन नाहीच, म्हणून गॅसवरचं भरीत मऊ होतं पण तो वास येत नाही. साल काढताना वांगं नळाखाली धरू नये, धुराची चव पाण्याबरोबर वाहून जाते. हात राखेत बुडवून सोलावं आणि जळके काळे तुकडे तेवढे निवडून टाकावेत.

ठेचायला लाकडी भांडं आणि मुसळी. वांग्यातलं क्लोरोजेनिक आम्ल लोखंडाशी जुळलं की गर काळपट, हिरवट दिसू लागतो. लाकडी भांड्यात गराचा मूळ रंग टिकतो.

मिरचीचा विचार मात्र आधीच करावा लागतो. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. लसणाबरोबर हिरवी मिरची तेलात परतली की तिखट त्या तेलातून सगळ्या भरतात पसरतं आणि मग ते मागे घेता येत नाही. म्हणून मुलांच्या वाटचा गर फोडणीआधीच बाजूला काढायचा. त्यात मीठ, कांद्याची पात आणि भाजलेले शेंगदाणे घातले की झालं. ताटाशेजारी ताक ठेवावं. पाण्याने तिखट शमत नाही, ताकातलं केसिन हे प्रथिन ते जिभेवरून उचलून नेतं.

गोडाला शिकरण. केळं इथलंच. हिरव्या केळ्याच्या गरात पाचव्या हिश्श्याच्या आसपास स्टार्च असतो, पिकताना त्याची जवळजवळ सगळी साखर होते. सालीवर तपकिरी ठिपके आलेली केळी घेतली तर वर साखर घालावी लागत नाही. पण शिकरणही भाकरीसारखंच, आधी करून ठेवायचं नाही. केळं चिरलं की त्यातलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने गर काळा करतं.

बोलावताना फोनवर आणखी एक विचारून घ्यावं. बरेच लोक चातुर्मासात वांगं खात नाहीत आणि काही घरी ते चंपाषष्ठीलाच सुरू होतं. तसं असेल तर भरताऐवजी वरण-बट्टी करावी, पण ती पोटाला जड, म्हणून मग गोडाचं नावही काढू नये.

गेल्या वर्षी तेच कुटुंब पुन्हा आलं. त्यांना सहालाच बोलावलं, कारण वांगी भाजणं हाच अर्धा कार्यक्रम होता. मुलं काडी काडी आगीत सारत बसली आणि वहिनींनी राखेच्या हातांनी साली ओढल्या. भरीत झाकून मुरत ठेवलं आणि दोन तास गप्पा झाल्या. साडेआठला पाट मांडले, तवा अंगणातल्या चुलीवर चढला आणि पहिली भाकरी फुगली तेव्हा धाकट्याने ताट घेऊन चुलीपाशीच बैठक मारली.