दुधाचा दात किडला, तर ‘पडणारच आहे’ म्हणून सोडायचा?

‘दुधाचेच दात, आज ना उद्या पडणार, उपचार कशाला?’ हे अर्धसत्य आहे. पुढचे दात वयाच्या सहा ते आठ वर्षांत पडतात, पण दाढा वयाच्या १० ते १२ वर्षांपर्यंत लागतात. शिवाय दुधाच्या दातावरचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत झपाट्याने पोचते. मुळाशी पू साचून राहिला, तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातातही खोट राहू शकते.

कीड कुठवर गेलीय हे एक्स-रे सांगतो. नस शाबूत असेल तर फिलिंग किंवा स्टीलची कॅप. नसेचा फक्त वरचा भाग बिघडला असेल, तर तेवढाच काढून औषध भरतात, वर कॅप. फारच लहान, तोंड उघडू न देणाऱ्या मुलाच्या किडीवर सिल्व्हर डायमाइन फ्लुओराइड हे औषध लावून ती थोपवता येते. मात्र नस बिघडलेली नसेल तरच, आणि किडलेला भाग कायमचा काळा पडतो.

हिरडीवर पुळी आली आणि दाढ वाचण्यासारखी नसेल, तर ती काढावीच लागते. मग जागा राखणारी तार बसवायची का, हे तेव्हाच विचारा. नाहीतर सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पक्की दाढ पुढे सरकते आणि मागाहून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही.

दुखणं आपोआप थांबलं तर निर्धास्त होऊ नका, बहुधा नस मेलेली असते. गालावर सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.