लोहगाव हवाई तळ

भारतीय हवाई दलाचा पुण्यातील लढाऊ विमानांचा तळ. शहराच्या ईशान्येस सुमारे १० किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून ५९२ मी. उंचीवर तो आहे. पुण्याचा नागरी विमानतळ याच तळाची धावपट्टी वापरतो, त्यामुळे बहुतेकांना ‘लोहगाव’ म्हटले की प्रवासी विमानेच आठवतात. त्याआधी कित्येक शतके हे नाव वारकऱ्यांना ठाऊक होते, ते तुकोबांचे आजोळ म्हणून.

तळाची उभारणी १९३९ मध्ये ब्रिटिशांनी रॉयल एअर फोर्ससाठी केली. हेतू मुंबईच्या हवाई संरक्षणाचा. बंदर आणि गोद्या असलेले हे शहर समुद्राला अगदी खेटून आहे. तिथल्या तळावर शत्रूचा हल्ला सहज झाला असता. घाटमाथ्यापलीकडचे पुणे मात्र विमानाने काही मिनिटांच्या अंतरावर, शिवाय जुनी लष्करी छावणी असल्याने रस्ते, रेल्वे, कोठारे अशी सगळी सोय आधीपासूनची. दुसऱ्या महायुद्धात येथे मॉस्किटो या लढाऊ-बाँबफेकी विमानांच्या तुकड्या होत्या. १९४७ मध्ये तळ भारतीय हवाई दलाकडे आला.

पुढे येथे कॅनबेरा ही दोन जेट इंजिनांची बाँबफेकी विमाने आली आणि तळाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला दिवस त्यांनीच घडवला. गोवामुक्तीच्या कारवाईत हवाई दलाने पुणे आणि बेळगावजवळचे सांबरा असे दोन तळ वापरले. हवाई मोहिमेची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी गोव्यातील दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर काही मिनिटांतच ६३,००० पौंड बाँब टाकले. आज्ञा नेमकी होती: धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाची इमारत आणि इतर सोयींना धक्का लावायचा नाही. दुसरी फेरी आठ कॅनबेरांची झाली, तिनेही हे पथ्य पाळले. गंमत अशी, की इतके बाँब पडूनही धावपट्टी पुरती निकामी झाली नाही. पोर्तुगीजांनी काही खड्डे बुजवले आणि रात्री अंधाराचा फायदा घेऊन दोन वाहतूक विमाने तिथून निसटून कराचीला पोहोचली. इमारतीबाबतचा संयम मात्र दूरदृष्टीचा ठरला, कारण दाबोळी पुढे भारताच्याच उपयोगी पडला.

यानंतरच्या काळात लोहगावचे महत्त्व वाढले ते एका वेगळ्या कारणाने. नवे विमान हवाई दलात दाखल झाले की त्याचा पहिला संसार अनेकदा येथेच मांडला गेला. १९८७ मध्ये मिग-२९ आले, तेव्हा २८ आणि ४७ क्रमांकांच्या स्क्वॉड्रन (विमानांच्या तुकड्या) पुण्यातच सज्ज झाल्या. त्यानंतर सुखोईची पाळी. पहिली सुखोई-३० (सु-३०) विमाने ११ जून १९९७ रोजी पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांच्या उपस्थितीत २४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाली. ती खरे तर तात्पुरती सोय होती. भारताला हवी तशी सु-३० एमकेआय तयार झाल्यावर जुनी विमाने रशियाला परत गेली. एमकेआयची पहिली स्क्वॉड्रन, क्रमांक २०, येथेच २७ सप्टेंबर २००२ रोजी उभी राहिली. नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात तयार झालेली एमकेआय विमाने त्यानंतर दोन वर्षांनी मिळू लागली. पश्चिम सीमेपासून दूर, पण हाक येताच तिथे पोहोचता येईल असे हे ठिकाण. नव्या विमानावर वैमानिकांचा हात बसवायला याहून सोयीची जागा कोणती?

तळाला राष्ट्रपतींच्या उड्डाणांचा मानही मिळाला. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ८ जून २००६ रोजी, तर प्रतिभा पाटील यांनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी येथून सुखोईतून उड्डाण केले. दोघेही तेव्हा ७४ वर्षांचे होते.

नागरी वाहतुकीची कहाणी जागेच्या ओढाताणीची आहे. प्रवासी विमानांसाठी धावपट्टी एकच, सुमारे अडीच किमी. लांबीची, आणि ती हवाई दलाची. प्रवासी विमानांच्या वेळा लढाऊ विमानांच्या सरावाशी जुळवून घ्याव्या लागतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी पुण्याची प्रवासी विमानसेवा सुमारे दोन आठवडे बंद होती. एका भाडेकरूने घरमालकाच्या डागडुजीत बाहेर राहावे, तसाच हा प्रकार. आसपासच्या इमारतींच्या उंचीवरही तळामुळे मर्यादा येते. पुरंदर येथील प्रस्तावित विमानतळाची मागणी याच अडचणीतून पुढे आली. दरम्यान मार्च २०२४ मध्ये लोहगावच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले आणि जुलैपासून ते वापरात आले, पण टर्मिनल वाढले तरी धावपट्टी तेवढीच राहिली.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुणे विमानतळाला ‘जगद्गुरू संतश्रेष्ठ तुकाराम महाराज’ यांचे नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. हा प्रस्ताव नागरी विमानतळापुरता आहे. हवाई दलाचा तळ मात्र तुकोबांच्या आजोळाच्या नावानेच ओळखला जातो.